भूमिमूल्याचा ऱ्हास आणि खरेदीदार

सौदा झाल्यावर जमिनीचे मूल्य घटले, तर ती हानी कोणी सोसावी, या प्रश्नास इंग्लंड व भारत येथील कायद्यांनी भिन्न उत्तरे दिली. ‘पेन विरुद्ध मेलर’ (१८०१) या खटल्यात चान्सरी न्यायालयाचे लॉर्ड एल्डन यांनी, विक्रीचा करार होताच समन्यायाच्या दृष्टीने खरेदीदार हाच मालक होय, असे तत्त्व मांडले. त्यामुळे जोखीमही करारापासूनच त्याच्याकडे गेली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने हा मार्ग स्वीकारला नाही. कलम ५४ अन्वये केवळ साठेखताने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही. कलम ५५ ने, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यामुळे न झालेल्या मूल्यऱ्हासाचा भार मालकी संक्रांत झाल्यानंतरच खरेदीदारावर टाकला. मूल्यवृद्धीचा लाभही तेव्हापासूनच त्याला दिला. सबब केवळ भाव उतरला म्हणून खरेदीखत मोडता येत नाही. तथापि सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष ठाऊक असूनही विक्रेत्याने तो सांगितला नाही, तर त्याचे मौन याच कलमानुसार कपट ठरते. आणि १८७२ च्या संविदा अधिनियमातील कलम १९ प्रमाणे व्यवहार रद्द करवून घेण्याचा मार्ग खुला राहतो. यावरून असे दिसते की, भारतीय कायद्याने बाजाराची जोखीम खरेदीदारावर ठेवली, परंतु विक्रेत्याच्या अप्रामाणिकपणाची ठेवली नाही.