जायंट सेल आर्टरायटिस : उतारवयातील ओळख व निदान (संदर्भ : चेंबूर परिसर)

पन्नाशीनंतर होणारा, मोठ्या व मध्यम आकाराच्या रोहिण्यांना सूज आणणारा आजार. कानशिलावरच्या रोहिणीत तो सहज सापडतो, म्हणून ‘टेम्पोरल आर्टरायटिस’ हे नावही रूढ आहे. पण महारोहिणी व तिच्या काखेकडे जाणाऱ्या शाखाही त्यातून सुटत नाहीत. बहुतेक रुग्ण सत्तरीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे असतात. स्त्रियांत हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. रोहिणीच्या भिंतीत टी-पेशी व भक्षक पेशी जमतात, त्यांतल्या काही एकत्र येऊन अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी बनतात, आतले अस्तर जाड होते आणि पोकळी अरुंद होत जाते. दृष्टीच्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्या अशा बुजल्या की त्या डोळ्याची नजर जाते आणि ती सहसा परत येत नाही. वेळेवर औषध मिळाले तर मात्र हे अंधत्व टळते.

ब्रिटिश शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी 1890 मध्ये एका वृद्धाची नोंद केली. त्याच्या कानशिलांवरच्या लाल, दुखऱ्या रेषांमुळे त्याला टोपी घालता येत नव्हती. 1932 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी रोहिणीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून विकृतीचे वर्णन केले.

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत या आजाराचे प्रमाण सर्वाधिक आहे. भारतात तो विरळा मानला जातो. रोहिण्यांच्या सुजेपैकी इथल्या डॉक्टरांच्या जास्त परिचयाचा आहे तो तरुण स्त्रियांतला ताकायासू आर्टरायटिस. विरळ म्हणून जायंट सेल आर्टरायटिस मनात येत नाही, आणि मनात न आलेला आजार तपासला जात नाही. मुंबईच्या चेंबूरमध्ये टिळकनगर, सहकारनगर, सुभाषनगरच्या जुन्या वसाहतींत आणि खतकारखाना, तेलशुद्धीकरण कारखाने, अणुसंशोधन केंद्र यांतून निवृत्त झालेल्यांच्या घरांत सत्तरीपुढची माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रत्येक तक्रारीला वेगळे दार असते. डोके दुखते म्हणून चष्म्याचा नंबर तपासला जातो, जबडा दुखतो म्हणून दातांचा दवाखाना गाठला जातो, खांदे आखडले की मानेचे मणके झिजल्याचे सांगितले जाते. ही दुखणी एकाच आजाराची आहेत हे कळायला ती एकाच डॉक्टरासमोर एका बैठकीत मांडली जावी लागतात.

डोकेदुखी नवी असते. आयुष्यभर अर्धशिशी असलेली बाईसुद्धा ‘हे दुखणं निराळं आहे’ असे सांगते. ते बहुधा कानशिलावर असते, पण माथ्यावर किंवा मागेही असू शकते. केसांतून कंगवा फिरवताना, उशीवर त्या कुशीला टेकताना टाळूची कातडी हुळहुळते. सर्वांत बोलके लक्षण जबड्याचे. भाकरीचे पहिले काही घास नीट चावले जातात, मग जबडा भरून येतो, दुखू लागतो. थांबले की दुखणे उतरते आणि पुन्हा चावायला घेतले की परत दुखतो. दाताचे किंवा जबड्याच्या सांध्याचे दुखणे पहिल्या घासालाच, तोंड उघडतानाच जाणवते. हा फरक नेमका विचारावा लागतो, कारण रुग्ण आपण होऊन सांगत नाही. तो मुकाट्याने पातळ भातावर येतो. जवळपास निम्म्या रुग्णांना पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका हा जोडआजारही असतो : सकाळी दोन्ही खांदे व कमरेचा भाग आखडतो, दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर जात नाहीत. काहींना नुसता बारीक ताप, वजन घटणे व अशक्तपणा एवढेच होते.

डॉक्टरने दोन्ही कानशिलांवर बोटे ठेवून तुलना करावी. रोगट रोहिणी जाड, दोरीसारखी, दाबल्यास दुखरी लागते; कधी तिची नाडीच लागत नाही. काही मिनिटे एका डोळ्यापुढे पडदा येऊन परत दिसू लागणे किंवा एकाची दोन दिसणे हा धोक्याचा इशारा आहे. उपचार न झाल्यास दुसरा डोळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो.

ईएसआर व सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या बहुधा वाढलेल्या असतात, प्लेटलेटही वाढतात, हिमोग्लोबिन उतरते. थोड्या रुग्णांत मात्र ईएसआर सामान्य येतो. तेवढ्यावर आजार नाकारू नये. उलट बाजूही तितकीच खरी. क्षय नेहमी आढळणाऱ्या गोवंडी-मानखुर्दच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टराला वाढलेला ईएसआर, ताप व घटते वजन दिसले की आधी क्षय आठवतो आणि तो आठवायलाच हवा. या आजाराचे औषध म्हणजे स्टिरॉइड, आणि त्याने दबलेला क्षय उसळतो, साखरही वाढते. म्हणून छातीचा एक्स-रे व साखर तपासणी लगोलग करावी, पण त्यांच्या निकालासाठी औषध अडवू नये. म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे भान मात्र ठेवावेच लागते. 2021 मध्ये महाराष्ट्राने ही बुरशी जवळून पाहिली. मधुमेही माणसाचे डोके दुखते, नजर जाते, इथवर चित्र सारखे भासते. पण तिथे डोळा दुखतो, सुजतो, नाकातून काळपट स्राव येतो किंवा तोंडातल्या टाळूला काळा डाग पडतो. जायंट सेल आर्टरायटिसमध्ये नजर सहसा डोळा न दुखता जाते. चुकून बुरशीत स्टिरॉइड दिले तर प्राणावर बेतते.

खात्रीसाठी दोन वाटा आहेत. सोनोग्राफीत रोहिणीभोवती काळसर कडे दिसते आणि प्रोबने दाबूनही ते जात नाही. पाहणाऱ्याचा हात सरावलेला हवा, आणि स्टिरॉइड सुरू झाल्यावर कडे काही दिवसांत फिके पडते. बायोप्सीत भूल देऊन कानशिलावरील रोहिणीचा किमान 1 सेंमी लांबीचा तुकडा काढतात. सूज सलग नसते, मध्ये निरोगी पट्टे असतात. आखूड तुकडा म्हणूनच फसवतो, आणि निकोप अहवालाने आजार नाही असे ठरत नाही. महाकाय पेशी प्रत्येक तुकड्यात दिसतीलच असेही नाही. युरोपीय संधिवात संघटना आधी सोनोग्राफी सुचवते, अमेरिकेची 2021 ची शिफारस बायोप्सीकडे झुकते. प्रस्तुत लेखकाच्या मते, जिथे सरावलेला सोनोग्राफर नाही तिथे बायोप्सीच भरवशाची. 2022 चे गुणांकन निकष संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करतात. निदानाची जागा ते घेत नाहीत.

संशय बळकट असेल तर बायोप्सीची वाट न पाहता प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 40 ते 60 मिग्रॅ सुरू करतात; नजर धोक्यात असल्यास शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस देतात. औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांतही बायोप्सीत आजार सापडतो. डोकेदुखी बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. मात्रा उतरवायला वर्ष-दोन वर्षे लागतात. 2017 पासून या आजारासाठी टोसिलिझुमॅब हे औषधही हाताशी आहे. ते सीआरपी दाबून ठेवते, म्हणून ते घेताना ही चाचणी खोटे समाधान देते.

सत्तरीतल्या माणसाला नवी डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा क्षणभर नजर गेली, तर चष्म्याच्या दुकानात किंवा पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटमध्ये दिवस घालवू नये. चेंबूरहून शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ आहे आणि तिथे मेडिसिन, नेत्र व विकृतिशास्त्र हे विभाग एकाच आवारात आहेत. अशा रुग्णाला त्याच दिवशी न्यावे आणि सगळ्या तक्रारी एकत्र सांगाव्यात.