कार्पेट एरियात न मोजलेलं स्वयंपाकघर

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली, ५०० चौरस फुटांचं घर आलं. त्या आठवड्यात माझ्या फोनवर ओळखीच्यांचे जेवढे व्हिडिओ आले, त्यातल्या बहुतेकांमध्ये घरातली बाई आधी एकच गोष्ट दाखवत होती. हॉल नाही, बाल्कनी नाही. ओटा! "हे बघ, सिंक वेगळं. हे बघ, खिडकी."

आता नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींचं काम चालू आहे. गिरगाव, लालबाग, परळमधल्या शेकडो उपकरप्राप्त इमारती रांगेत आहेत, त्यात आमचीही आहे. मीटिंगा होतात. कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग कोणाला, यावर रात्री बारापर्यंत भांडणं होतात. स्वयंपाकघराचा विषय "किचन प्लॅटफॉर्म ग्रॅनाईटचा" या एका ओळीत संपतो. म्हणून आज थोडा इतिहास लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

सुरुवात प्लेगपासून करू. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि सरकारला पहिल्यांदा मुंबईच्या गरिबाची खोली आतून दिसली. अंधारी, ओली, धुराने काळी. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आली. तिने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि स्वतःच्या चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९३४ पर्यंत राहिले, तिथून ते दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृहा'त गेले. ती हिंदू कॉलनीसुद्धा याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतली. म्हणजे एकाच संस्थेने परळला कामगाराची खोली बांधली आणि दादरला मध्यमवर्गाच्या 'ब्लॉक'साठी जमीन आखून दिली. ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर वेगळं, संडास घरात. चाळीत खोलीचा एक कोपरा, तिथेच मोरी, तिथेच चूल.

पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट, म्हणजे बीडीडी, स्थापन झालं. बेत होता ५०,००० खोल्यांचा. बांधल्या गेल्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. एका चाळीत चार मजले आणि ८० खोल्या. साडेसोळा हजार खोल्यांवर गाडी थांबली.

याच सुमाराला, १९२१-२२ मध्ये, मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने गिरणगावातल्या कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. त्यात सुमारे ९७ टक्के कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहत असल्याचं दिसलं. त्या एका खोलीत झोपणं, बाळंतपण, आजारपण, पाहुणे आणि दोन वेळचा स्वयंपाक. खोली बांधणाऱ्यांनी स्वयंपाकघर असं काही वेगळं काढलंच नव्हतं. ते बायकांनी काढलं. भिंतीला मांडणी, कोपऱ्यात पिंप, वर शिंकाळं, खाली पाटा-वरवंटा, मोरीच्या कठड्यावर कळशी. आणि जे आत मावलं नाही ते दाराबाहेर, गॅलरीत.

पाण्याची वेळ पहाटेची, पहिल्या पाळीचा भोंगा सकाळचा. म्हणजे डबा भरायचा तर बाईला त्याच्याही आधी उठायला लागायचं. शेगडी गॅलरीत पेटवायची, धूर गेला की आत आणायची. लालबागमध्ये 'गॅस कंपनी लेन' आहे, माहीत असेल. बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना तिथे होता. १८६० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते या कंपनीमुळे. गंमत बघा, गॅस तयार व्हायचा लालबागला आणि लालबागची बाई मात्र पुढची शंभर वर्षं कोळसा आणि रॉकेलवर भाकऱ्या भाजत होती. १९५० च्या दशकात बर्मा शेलने मुंबईत 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस आणला, तोही आधी ब्लॉकवाल्यांकडे गेला. चाळीत आला पंपाचा स्टो, मग वातीचा. पिन मारायची, पंप मारायचा, भडका उडाला की मागे सरायचं. स्टोच्या भडक्याने भाजलेली बाई प्रत्येक चाळीच्या आठवणीत आहे. तेव्हा 'गेले ते दिवस' असं मी म्हणणार नाही. जे म्हणतात त्यांनी बहुधा स्टो पेटवलेला नसतो.

आता मुख्य मुद्दा. या भागातलं स्वयंपाकघर कधीच फक्त घरच्यांसाठी नव्हतं.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून आलेला गिरणी कामगार बहुतेक वेळा एकटा यायचा. बायको-मुलं गावाला, हा गाळ्यात दहा-वीस जणांबरोबर. त्याला जेवू घालायची खानावळवाली. ही कुणी हॉटेलवाली नव्हती. शेजारच्याच चाळीतली विधवा, टाकलेली, किंवा नवऱ्याचा पगार पुरत नाही म्हणून कंबर कसलेली बाई. घरचा कोपरा तोच, त्यात दहा-पंधरा माणसांचा जादा स्वयंपाक. माझी आजी डिलाईल रोडला आठ जणांना जेवण घालायची. पैसे महिन्याला, पगार झाला की. तोवर वाण्याकडे उधारी आणि वाणी नाही म्हणाला तर सावकार. सगळी मेहनत व्याजात जायची.

हे चक्र मोडायला प्रेमाताई पुरव पुढे आल्या. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, कम्युनिस्ट चळवळीत तयार झालेल्या. १९७५ साली १४ खानावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायकांना कर्ज मिळवून दिलं. तारण काय? काही नाही. एकमेकींची हमी. ज्या खोलीच्या स्वयंपाकघराला नकाशात जागा नव्हती, त्याला बँकेने धंदा म्हणून मान्यता दिली. ही साधी गोष्ट नाही.

तिकडे गिरगावात याच्याही आधी असंच काही घडलं होतं. १५ मार्च १९५९ ला लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. जसवंतीबेन पोपट त्यातल्याच एक, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आज लिज्जत पापड माहीत नाही असं घर सापडणार नाही. पण त्या गोष्टीतला एक शब्द आपण वाचून पुढे जातो. गच्ची! घरात सात पोळपाट मांडायला जागा कुठे होती? गच्ची सगळ्यांची होती, म्हणून धंदा उभा राहिला.

आणि १९७२-७३ चा लाटणे मोर्चा. दुष्काळ, महागाई, रॉकेल नाही, तेल नाही, साखर नाही. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी यांनी महागाईविरोधात बायकांची एकजूट उभी केली आणि लाटणी, थाळ्या घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. चाळीत निरोप पसरवायला पत्रकं लागत नव्हती. गॅलरीत तांदूळ निवडताना ठरायचं, संध्याकाळी अख्खा मजला निघायचा. लाटणं शस्त्र झालं ते यामुळे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आपण संपाची गोष्ट कामगाराची म्हणून सांगतो. खानावळवालीचं काय झालं? जेवणारे गावाला निघून गेले, मागची उधारी बुडाली, वाण्याचं देणं मात्र उभं. आजीची खानावळ त्याच वर्षी बंद झाली. तिच्यासारख्या अनेकींनी मग पोळ्या लाटून देणं, डबे, लोणची, चकल्या असं काही काही धरलं. लालबागच्या मसाला गल्लीतली मे महिन्यातली गर्दी पाहिलीत ना? मिरची निवडायची, वाळवायची, भाजायची आणि डंकावर कुटून आणायची. त्या गर्दीत घरच्या वर्षाच्या मसाल्याबरोबर विकायचा मसाला करणाऱ्याही असतात. मिरची वाळते कुठे? गच्चीवर, गॅलरीत, चौकात.

आता आजच्यावर येतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ओट्याचं काम काढलं. जुना कडप्पा फुटला होता, मोरी गळत होती. गवंड्याने आठ दिवस सांगितले, लागले चोवीस. त्या चोवीस दिवसांत आमचं स्वयंपाकघर म्हणजे गॅलरीतल्या स्टुलावर एक इंडक्शन आणि कुकर. भांडी बादलीत भरून शेवटच्या खोलीच्या मोरीत. फोडणीचं काही असलं की बायको शेजारच्या मावशींच्या गॅसवर जायची. पोळ्या समोरच्या बिऱ्हाडातल्या काकी द्यायच्या, पैसे घेईनात, मग शेवटी आम्ही दहा किलो गहू दळून दिले. एकही दिवस उपाशी राहिलो नाही आणि हॉटेलातून फार तर चारदा मागवलं असेल. बायको मात्र म्हणाली, "तुला मजा वाटली. मला चोवीस दिवस दुसऱ्यांच्या वेळा सांभाळायला लागल्या." तिचंही खरं आहे.

तेव्हा मला कळलं की आमच्या १८० फुटांच्या खोलीतलं स्वयंपाकघर तुटलं तरी मागे आणखी एक होतं. गॅलरी, शेजारची मोरी, मावशींचा गॅस, काकींचा तवा. चाळीने शंभर वर्षं हे दुसरं स्वयंपाकघर चालवलं. ते कुठल्या भाडेपावतीवर नाही. पुनर्विकासात मात्र अख्खी इमारत एकदम रिकामी होते. कोणी विरारला, कोणी संक्रमण शिबिरात, कोणी भावाकडे. शेजारीण पापडवाली असेल तर तिचं गिऱ्हाईक इथे आणि ती तीन-चार वर्षं तिकडे.

नियमांत याचा विचार कुठे आहे? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला किमान २२५ चौरस फूट होते, पुढे ते ३०० झाले. चांगलंच झालं, मिळायलाच हवेत. पण मोजणी होते ती खोलीच्या आतल्या जागेची. गॅलरीत वाळणारी मिरची, गच्चीवरच्या कुरडया, दारात बसून डबे भरणारी बाई, हे कुणाच्याच फुटांत येत नाही.

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. मोडकळीला आलेल्या जिन्यावरून रोज उतरणारा माणूस विरोधात असूच शकत नाही. माझ्या आजीला स्वतःच्या घरात नळ आणि उभ्याचा ओटा मिळाला असता तर ती गॅलरीकडे फिरकलीही नसती. मला एवढंच वाटतं की करारावर सही करायच्या आधी मीटिंगमध्ये चार प्रश्न विचारावेत.

एक, गच्ची. ती सगळ्या सभासदांची राहणार का, आणि उन्हाळ्यात वाळवणाला मोकळी असणार का? की किल्ली वॉचमनकडे आणि वर टॉवरचे अँटेना?

दोन, स्वयंपाकघराला बाहेरच्या हवेची खिडकी आहे का, की ती अंधाऱ्या डक्टमध्ये उघडते? प्लेगनंतर सव्वाशे वर्षांनी हा प्रश्न विचारायला लागतोय, पण नकाशे बघा, म्हणजे कळेल.

तीन, पाइप गॅस आणि पाणी ताबा द्यायच्या दिवशी चालू असणार का? की घर आधी आणि जोडणी सहा महिन्यांनी?

चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. घरातून डबे, पोळ्या, मसाले करणाऱ्या बायकांना नव्या सोसायटीत ते करता येईल का? वास येतो, लिफ्टमध्ये डबे नकोत, डिलिव्हरीवाल्याला मागच्या दाराने पाठवा, असे ठराव नव्या इमारतींत होतात. जुनेच शेजारी नव्या घरात गेल्यावर करतात. आपल्या इमारतीत किती घरं या कामावर चालतात ते आधी मोजा आणि त्यांचा हक्क लेखी घ्या.

मीटिंगला पुरुष बसतात आणि बायका दारातून ऐकतात, हेही आता पुरे. ज्यांनी नकाशात नसलेलं स्वयंपाकघर उभं केलं, त्यांना नवा नकाशा आधी दाखवा. आमच्या पुढच्या मीटिंगला मी हे चार प्रश्न लिहून नेणार आहे आणि ते वाचणार आहेत समोरच्या काकी.

तुमच्या चाळीत, वाडीत खानावळ होती का? कोण चालवायचं, किती माणसं जेवायची, महिन्याचे किती घ्यायच्या? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. ही माहिती कुठल्याच कचेरीत नाही. ती लोक आहेत तोवरच आहे.