दोन चाव्या, एक आवाज

१९८२ चा जानेवारी. शिवाजीनगरला अजून उजाडायचं आहे आणि तुम्ही आकाशवाणी पुणे केंद्राच्या निवेदन कक्षात स्वेटर घालून बसला आहात. दार जाड आहे. ते लागलं की रस्त्यावरची पहिली पीएमटी बससुद्धा तुमच्यापुरती बंद. समोर कन्सोल, डावी-उजवीकडे टर्नटेबलं, मागे टेपची यंत्रं, हाताशी क्यू शीट. खुर्ची सरकवू नका, तिची करकर माइकला फार आवडते.

सकाळची सभा तुम्हीच सुरू करता. आधी ती ओळखीची धून, तानपुऱ्यावर व्हायोलिन. युरोपातून मुंबईत आश्रयाला आलेल्या वाल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने ती १९३० च्या दशकात बांधली. कित्येक घरांत तिच्यावर चूल पेटते, पण तुमच्यासाठी ती म्हणजे घसा साफ करायची शेवटची संधी. मग वंदे मातरम्, मग मंगलध्वनी. आणि मग माइकची चावी.

ती टाकली की तीन गोष्टी एकदम होतात. दारावरचा लाल दिवा लागतो. कक्षातला लाउडस्पीकर मुका होतो, कारण तो बोलत राहिला तर तुमचाच आवाज स्पीकरमधून माइकमध्ये आणि माइकमधून स्पीकरमध्ये गरगरत शिट्टी घालेल. आणि तुमचा श्वास तारेने हडपसरच्या ट्रान्समीटरकडे निघतो. आता तुम्हाला ऐकू येतं ते फक्त हेडफोनमधून.

शेजारची चावी टॉकबॅकची. तीही तुमचाच आवाज नेते, पण काचेपलीकडच्या स्टुडिओत किंवा कंट्रोल रूममध्ये, गावभर नाही. माइक चालू असताना ही चावी दाबली तरी काही होत नाही, रचनाच तशी आहे. तरी नवा निवेदक दर वेळी लाल दिव्याकडे बघूनच ती दाबतो. बरं करतो. निवेदकाची परीक्षा आवाजात आहे असं लोकांना वाटतं. या खुर्चीत बसल्यावर कळतं की अर्धी परीक्षा आपल्याला या क्षणी कोण ऐकतंय हे ठाऊक असण्यात आहे.

६.५५. दिल्लीची लाइन उचलायची. १९७४ पासून रोज येणाऱ्या संस्कृत बातम्या. लाइनचा फेडर वर, तुमचा खाली. पाच मिनिटं देश दुसऱ्याचा आवाज ऐकतोय, म्हणजे तुम्ही बोलायला मोकळे.

टॉकबॅक. "ताई, पहिल्या चार ओळी वाचता का? लेव्हल घेते."

काचेपलीकडे वृत्तनिवेदिका कागद चाळतात, मान हलवतात. "पहिलंच पान नाही माझ्याकडे. टाइप होतंय."

ठीक आहे, दुसऱ्या पानावर लेव्हल. मीटरचा काटा जरा जास्तच उडतो, फेडर थोडा खाली. मग अभंगाची तबकडी. सुई खाचेत ठेवायची, हाताने तबकडी फिरवून पहिला स्वर शोधायचा आणि अर्धा वेढा मागे आणून थांबवायची. हे सगळं क्यूवर, फक्त तुमच्या कानात. अभंग ३ मिनिटं २० सेकंदांचा. प्रादेशिक बातम्या ७.०५ ला, त्याआधी १० सेकंदांची घोषणा. उलटं मोजत या: ७ वाजून १ मिनिट ३० सेकंदांना तबकडी सुटली पाहिजे. तोवरचं दीड मिनिट आजच्या कार्यक्रमांचं. दुसऱ्या टर्नटेबलवर फिलर म्हणून बासरी लावून ठेवा. फिलर लागत नाही त्या दिवशी आपण त्याला विसरतो, एवढंच.

७.००. माइक. लाल दिवा. तुम्ही महिलांचा कार्यक्रम, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, रात्रीची श्रुतिका सांगू लागता आणि नेमका तेव्हाच हेडफोनमध्ये कंट्रोल रूमचा इंजिनिअर बोलतो: "पान अजून आलेलं नाही. अभंग संपला तर बासरीवर जाणार का?"

त्याला उत्तर देता येत नाही. तोंड श्रोत्यांकडे गहाण आहे. एकाच कानात तुमचं वाक्य, त्यावर इंजिनिअरचा प्रश्न, आणि तुम्हाला "रात्री साडेनऊ वाजता" हे शब्द असे म्हणायचे आहेत की बारामतीत ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेल्या आजोबांना कसलाही वास येऊ नये. सुरुवातीला सगळेच इथे अडखळतात. नंतर डोक्यात एक पडवी तयार होते. आलेला माणूस तिथे बसतो, घरातलं काम चालू राहतं. तुम्ही काचेकडे बघून अंगठा वर करता. तो हसतो.

१ मिनिट ३० सेकंद. तबकडी सुटते, माइक बंद, स्पीकर पुन्हा जिवंत. लगेच टॉकबॅक: "हो, बासरी तयार आहे. पण ७.०५ ला ताईच बोलणार, पान असो नसो. दुसऱ्या पानापासून सुरू करतील."

"त्यांना सांगितलंत?"

"आता सांगते."

सांगावं लागत नाही. अभंगाच्या शेवटच्या कडव्यावर स्टुडिओचं दार उघडतं, एक हात कागद पुढे करतो, ताई चष्मा सारखा करतात. कागद धरायचा कसा हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, पानाची सळसळसुद्धा माइकला चुकवून जाते.

७ वाजून ४ मिनिटं ५० सेकंद. तबकडी फेड, माइक, घोषणा, चावी खाली, ताईंचा फेडर वर, त्यांच्यासमोरचा दिवा. पहिलं वाक्य स्वच्छ निघतं. तुम्ही लॉगबुकात वेळ लिहिता आणि पुन्हा टॉकबॅक दाबता:

"सव्वासातच्या टेपचं काय? वरची की खालची?"

"खालची. पण सुरुवातीची लीडर पट्टी तुटलीय, हाताने क्यू करा."

टेप सेकंदाला साडेसात इंच धावते. चार बोटं चुकलात तर पहिला शब्द गेला. तुम्ही रीळ चढवता.