बाभळगावचे देशमुख : मांजरेकाठचा ऊस, कारखाने आणि सत्ता

हैदराबादच्या नळाला कित्येक वर्षं मांजरेचं पाणी येत आलं. तेलंगणात तिला मंजिरा म्हणतात. संगारेड्डी जिल्ह्यातलं सिंगूर धरण तिच्यावरच आहे. याच नदीच्या वरच्या अंगाला, लातूर शहराजवळ, बाभळगाव. इथलं देशमुख घराणं महाराष्ट्राच्या साखर-राजकारणातलं मराठवाड्याचं सर्वांत मोठं नाव. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होता. देशमुख या नावातच त्या जमान्याची वतनदारी आहे. पण पुढची सत्ता आली ती वतनातून नाही, उसातून.

विलासराव देशमुख यांचा जन्म २६ मे १९४५ चा. पुण्यात शिकून, वकिली करून ते गावी परतले आणि १९७४ मध्ये सरपंच झाले. १९८० मध्ये लातूरचे आमदार. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर वेगळा जिल्हा झाला आणि याच दशकात विलासरावांच्या पुढाकाराने मांजरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याचा कारभार त्यांचे धाकटे बंधू दिलीपराव यांनी सांभाळला. ते पुढे विधान परिषदेवर गेले, मंत्रीही झाले. एक भाऊ मुंबईत, एक भाऊ कारखान्यावर, अशी ही विभागणी होती आणि ती चांगली चालली.

साखर कारखान्याची ताकद बाहेरच्याला कळत नाही. शेतकऱ्याचा ऊस बारा-चौदा महिने रानात उभा असतो. नोंद कधी झाली, तोडणीची टोळी कधी आली, चिटबॉय कुणाच्या बांधावर आधी गेला, यावर वर्षाचं गणित ठरतं. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं. म्हणून जो कारखाना वेळेवर तोड देतो आणि बिल काढतो, त्याच्या अध्यक्षाला मत मागायला फार फिरावं लागत नाही. मांजराची ख्याती नेमकी याच गोष्टीची होती. मग विकास (आता विलास), रेणा हे सहकारी कारखाने, देवणी तालुक्यात कर्नाटक सीमेजवळ जागृती आणि लातूरजवळ ट्वेंटीवन शुगर्स हे खासगी कारखाने, असा ‘मांजरा परिवार’ वाढला. वैशालीताई देशमुख विकासच्या अध्यक्ष राहिल्या. सहकाराच्या घरात खासगी कारखाने आले, हे मात्र नोंदवायलाच हवं. सहकारीत संचालक सभासद निवडतात, खासगीत शेतकरी नुसता पुरवठादार.

राजकारणात पडझडही झाली. १९९५ मध्ये खुद्द विलासरावांना शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी हरवलं. १९९९ मध्ये मोठ्या मताधिक्याने परतले आणि थेट मुख्यमंत्री झाले. दुसऱ्यांदा २००४ मध्ये. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००८ मध्ये पद गेलं, पुढे केंद्रात मंत्री झाले. १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत निधन.

थोरले चिरंजीव अमित २००९ पासून लातूर शहरचे आमदार, मंत्रीही राहिले. मधले रितेश सिनेमात. धाकटे धीरज २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमधून असे निवडून आले, की दुसऱ्या क्रमांकावर उमेदवार नव्हताच, ‘नोटा’ होता. २०२१ मध्ये जिल्हा बँकेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. आणि २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात भाजपच्या रमेश कराडांनी त्यांना हरवलं. अमित यांनाही भाजपच्या अर्चना पाटील चाकूरकरांनी घाम फोडला. गाळप चालू, बँक हातात, तरी मतं हलली. उसाचं बिल आता मताची हमी देत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात ऊस वाढत गेला, आणि धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला आणावं लागलं. दोष एकट्या देशमुखांवर टाकणं सोपं आहे, पण हमखास पैसा देणारं दुसरं पीक शेतकऱ्यापुढे कुणीच ठेवलं नाही. त्या वर्षी खाली सिंगूरही आटलं होतं. निजामसागरच्या पाण्यावर वाढलेल्या बोधनच्या निजाम शुगर कारखान्याचं गाळप तर आधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, बंद पडलं होतं.