सैरंध्रीचं जंगल आणि ‘झाडकवी’

सैरंध्री म्हटलं की आपल्याला खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आठवतं. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात मात्र सैरंध्री ही एक जागा आहे. मुक्कालीहून वनखात्याच्या जीपने तिथे पोचलो आणि टेहळणी मनोऱ्यावर चढलो. खाली घनदाट रान, मधून वाहणारी नदी. नदीचं नावही महाभारतातलं, कुंती. हीच सायलेंट व्हॅली. या नदीवर इथेच धरण होणार होतं.

मनोऱ्यावर मला आमचं एक फसलेलं पथनाट्य आठवलं. कॉलेजात असताना ‘नदी वाचवा’ म्हणून आम्ही ते वस्त्यांमधून करायचो. प्रदूषणाचे आकडे ढोलकीच्या ठेक्यावर म्हणायचो. एकदा प्रयोग संपल्यावर एका बाईंनी विचारलं, “पोरांनो, ते सगळं खरं, पण आमच्या नळाला पाणी कधी येणार?” आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही ढोलकी उचलून निघालो.

सायलेंट व्हॅलीतही प्रश्न हाच होता, फक्त पाण्याच्या जागी वीज. योजना आयोगाने १९७३ मध्ये १२० मेगावॉटच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. उत्तर केरळचा मलबार हा भाग विजेत आणि उद्योगात मागे होता. प्रकल्पातून वीज, सिंचन आणि रोजगार मिळणार होता. अशा वेळी सिंहपुच्छ वानरांसाठी धरण नको म्हणणाऱ्याला लोक काय म्हणतील, हे उघड होतं.

केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ साली कोळिकोडला सुरू झालेली संस्था. मल्याळममधून विज्ञान सांगणं हा तिचा उद्देश. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी धरणाविरुद्ध लिहिलं, तेव्हा परिषदेतही मतभेद झाले. मग १९७९ मध्ये पाच जणांनी प्रकल्पाचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. प्रसादांसोबत त्यात अभियंते होते, शेतीतज्ज्ञ होते, अर्थतज्ज्ञ होते. जंगलाची थोरवी सांगून ते थांबले नाहीत. मलबारला वीज हवीच हे मान्य करून, ती दुसऱ्या कोणत्या मार्गांनी मिळू शकेल हे त्यांनी मांडलं. आमच्या पथनाट्यात नेमकं एवढंच नव्हतं.

पण हिशेबाने माणूस गप्प होतो, जंगलाच्या बाजूने उभा राहतोच असं नाही. ते काम कवींनी केलं. सुगतकुमारींनी झाडाची स्तुती करणारी कविता लिहिली. त्या आणि इतर कवी गावोगाव कविता वाचू लागले. त्यांची ‘मरक्कवी’ म्हणून टिंगल झाली. मल्याळममध्ये ‘मरम्’ म्हणजे झाड आणि लाकूडही, तेव्हा टोमणा दुहेरी होता. कवींनी आकडे वृत्तात बसवले नाहीत. मेगावॉटमध्ये न मोजता येणारंही काही गमवायचं असतं, एवढंच त्यांनी सांगितलं. शास्त्रज्ञांनी आपलं काम केलं, कवींनी आपलं.

१९८० पासून परिषदेने ‘शास्त्र कलाजथा’ काढायला सुरुवात केली. गाणी आणि नाटुकली घेऊन कार्यकर्ते चौकाचौकांत जाऊ लागले. सेवा दलाची कलापथकं पाहिलेल्या मराठी माणसाला हे ओळखीचं वाटेल. १९८७ मध्ये याच धर्तीवर देशभरातून पाच भारत जन विज्ञान जथे निघाले आणि भोपाळला एकत्र आले. वायुदुर्घटनेला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

सायलेंट व्हॅलीचा शेवटचा निर्णय मात्र दिल्लीत झाला. एम. जी. के. मेनन यांच्या समितीत आपले माधव गाडगीळही होते. समितीच्या अहवालानंतर १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. एकट्या कवितेने जंगल वाचलं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण कविता नसती तर पाच जणांचा तो हिशेब किती जणांनी उघडून पाहिला असता, याचीही मला शंका आहे.

मनोऱ्यावरून उतरताना त्या बाई पुन्हा डोळ्यांपुढे आल्या. आम्ही त्यांना नदीतल्या विषाचे आकडे दिले, पण त्यांच्या घरी दिवसाला किती हंडे पाणी येतं, हे एकदाही विचारलं नाही. पुन्हा कधी ढोलकी हातात घेतली, तर आधी ते हंडे मोजीन. गाणं त्यानंतर.