हुसेनसागरकाठची लुंबिनी

१९५६ पर्यंत आमचं किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. हैदराबाद आम्हाला परकं नाही. तिथला हुसेनसागर इब्राहिम कुतुबशहाच्या काळातला, पण नाव मात्र तो बांधणाऱ्या हुसेनशहा वलींचं. मला हे फार आवडतं. १९९० मध्ये बुद्धाची अखंड पाषाणमूर्ती तराफ्यावरून नेताना याच पाण्यात बुडाली, माणसंही गेली. दोन वर्षांहून अधिक काळ ती तळाशी होती. डिसेंबर १९९२ मध्ये उभी राहिली. मग १९९४ मध्ये काठावर लुंबिनी उद्यान झालं. कारंजी, पुढे लेझर शो, बुद्धापर्यंत नेणाऱ्या होड्या. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी लेझर शोच्या प्रेक्षकांत बॉम्ब फुटला. मृतांत संगमनेरहून अभ्याससहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. आपल्याकडचे पाहुणे होडीची तिकिटं काढतात, ती त्याच आवारात.