खैराच्या गाभ्यातला कात

खैराचा ओंडका आडवा कापला की लाकडाचे दोन रंग दिसतात. सालीलगतचा थर फिका पिवळसर आणि आत तांबूस, दगडासारखा कठीण गाभा. सेल्युलोज आणि लिग्निन दोन्हींत आहेत, ती कुठल्याही लाकडात असतात. कात मात्र मिळतो तो गाभ्यातून. झाड जून होताना आतल्या पेशी मरत जातात आणि त्यांत कॅटेचिन आणि टॅनिन साठतात. खैराच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, ते यांच्यामुळेच.

हा साठा लाकडातून सोडवून घेण्याची रीत फार जुनी. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात काताला स्वतंत्र प्रकरण दिलं. लाकडाचे तुकडे उकळून काढलेल्या अर्कात नाचणीचं पीठ मिसळून वड्या करतात, असं तो सांगतो. कोकणात हे काम कातकरी जमातीचं होतं. गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, अर्क गाळून पुन्हा चुलीवर चढवायचा आणि दाट होईतो आटवायचा. खरी मेख त्यानंतर आहे. कॅटेचिन उकळत्या पाण्यात सहज विरघळतं, गार पाण्यात फारच थोडं. म्हणून दाट अर्क सावकाश निवू दिला की ते बारीक सुईसारख्या स्फटिकांनी खाली बसतं आणि टॅनिन वरच्या काळपट पाण्यात राहतं. खाली बसतो तो विड्याचा कात. चुन्याच्या संगतीत हवा लागली की तोच लाल होतो. वरचं पाणी आटवलं की कातडी कमावण्याचा, जाळी नि शिडं रंगवण्याचा माल तयार. प्रयोगशाळेत ज्याला स्फटिकीकरण म्हणतात, ते म्हणजे अर्क निववून कात असा खाली बसवणंच.

युरोपात हा माल पोचला तेव्हा औषधविक्रेत्यांनी त्याला जपानची माती ठरवलं आणि ‘टेरा जापोनिका’ हे नावही दिलं! १८०३ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनज्ञाने कातडी कमावण्याच्या दृष्टीने त्याचं पृथक्करण केलं. त्याच्यापुढे दोन नमुने होते, एक मुंबईचा, एक बंगालचा. मुंबईच्या २०० ग्रेन कातात त्याला १०९ ग्रेन टॅनिन मिळालं, बंगालच्यात ९७. इंग्लंडात कातडी ओकच्या सालीत कमावत. एक पौंड कात आठ पौंडांहून जास्त सालीचं काम करतो, असा त्याचा हिशेब होता.

१८३९ मध्ये राइन्श या जर्मन रसायनज्ञाने कॅटेचिन तापवून त्यातून कॅटेकॉल मिळवलं. अ‍ॅड्रिनलिन, डोपामिन यांच्या रेणूंत कॅटेकॉलचीच घडण आहे, म्हणून त्या गटाला कॅटेकोलअमाइन म्हणतात. घाबरल्यावर आपली छाती ज्याच्यामुळे धडधडते, त्याच्या शास्त्रीय नावात असा आपला कात आहे.

ज्यांच्या जमातीचंच नाव कातावरून पडलं, त्यांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. १८७८ च्या वन कायद्याने सरकारी राखीव जंगलांचा बंदोबस्त कडक झाला आणि खैरावरचा त्यांचा हात सुटत गेला. लाकूड ओळखण्यापासून अर्क कधी उतरवायचा इथपर्यंतचं सगळं ज्ञान हाताशी असलेली माणसं बेकार झाली, हा मला उघड अन्याय वाटतो. रायगड-ठाण्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं आजही दिवाळी सरली की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर नि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.